मॉन्ट्रियल २०२२: आमंत्रण पत्र हातात, व्हिसा कुठेच नाही

मॉन्ट्रियलच्या २०२२ च्या एड्स परिषदेचं हेच प्रकरण का निवडलं ते आधी सांगतो. परदेशातल्या परिषदेत पेपर लागला पण व्हिसा मिळाला नाही, किंवा व्हिसा मिळाला पण पैसे जमले नाहीत, असं सांगणारे आपल्याकडे प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये दोनचार तरी भेटतात. पण ते सगळे सुटे सुटे किस्से, आणि सुट्या किश्शाला लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, "तुझी फाइलच वीक असणार." मॉन्ट्रियलला मात्र एकाच परिषदेच्या शेकडो लोकांच्या बाबतीत एकाच वेळी तेच झालं आणि सगळ्या जगासमोर झालं, त्यामुळे तिथे कुणाला एकेकाच्या फाइलवर बोट ठेवून मोकळं होता आलं नाही. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

घडलं काय

चोविसावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद, २९ जुलै ते २ ऑगस्ट २०२२, मॉन्ट्रियल, कॅनडा. आयोजक इंटरनॅशनल एड्स सोसायटी म्हणजे आयएएस, मुख्यालय जिनिव्हात. ही परिषद दोन वर्षांतून एकदा भरते. २०२० ची अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला होणार होती ती कोविडमुळे पूर्ण ऑनलाइन करावी लागली, म्हणजे २०१८ च्या अ‍ॅमस्टरडॅमनंतर लोक पहिल्यांदा समोरासमोर भेटणार होते.

ही नुसती शास्त्रज्ञांची परिषद नाही. एचआयव्हीच्या क्षेत्रात पेशंट लोक अगदी सुरुवातीपासून भांडून टेबलावर येऊन बसलेत, १९८३ मध्ये डेन्व्हरला त्यांनी स्वतःच्या मागण्यांचा मसुदाच मांडला होता, आणि १९९४ ला पॅरिसमध्ये ४२ देशांच्या सरकारांनी लेखी मान्य केलं की जे निर्णय या लोकांच्या जगण्याबद्दल आहेत त्यात त्यांचा सहभाग हवा. त्यामुळे या परिषदेत व्हायरस शिकणारे प्रोफेसर असतात तसेच खेड्यातल्या क्लिनिकमधले समुपदेशक, नर्सेस, एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या संघटना, सेक्सवर्कर्सच्या संघटना, ट्रान्स कार्यकर्ते, नशेच्या सुईतून लागण झालेले लोक असे सगळे असतात. आता भूगोल बघा. जगात २०२२ मध्ये साधारण ३.९ कोटी लोक एचआयव्हीसोबत जगत होते, त्यातले दोन तृतीयांश आफ्रिकेत. भारतात २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे २४ लाख, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, जवळपास चार लाख. म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं ते बहुतेक सगळे व्हिसा लागणाऱ्या पासपोर्टवाले.

परिषदेच्या कितीतरी आधीपासून तक्रारी यायला लागल्या होत्या. अर्ज पडून आहेत, उत्तर नाही, आणि उत्तर आलं तर रिजेक्ट. संस्थांनी मिळून कॅनडा सरकारला पत्रं लिहिली, आयोजकांनीही पाठपुरावा केला, पण उद्घाटनाचा दिवस आला तेव्हा आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले शेकडो लोक घरीच होते. यात नुसते श्रोते नव्हते, ज्यांचा पेपर निवडला गेला होता ते होते, ज्यांना आयोजकांनीच पूर्ण स्कॉलरशिप दिली होती ते होते, भाषण द्यायचं होतं ते होते. पत्रिका छापून बोलवायचं आणि पाहुणे आले की दाराला आतून कडी, तसला प्रकार.

सगळ्यात बोलका प्रसंग विनी ब्यानयिमा यांचा. या मूळच्या युगांडाच्या, यूएनएड्सच्या प्रमुख, म्हणजे संयुक्त राष्ट्रांतल्या फार वरच्या पदावरच्या बाई. जिनिव्हा विमानतळावर त्यांचे कागद पुन्हा पुन्हा तपासले, फोनाफोनी झाली आणि अगदी शेवटच्या क्षणी विमानात चढू दिलं. त्यांनी तिथल्या तिथे ट्विट करून याला अन्यायकारक आणि वर्णद्वेषी म्हटलं. जिच्या नावावर जागतिक एड्स कार्यक्रम चालतो तिची ही गत, तर मलावीतल्या एखाद्या क्लिनिकमधल्या पोराचं काय होत असेल याचा अंदाज करा.

कॅनडाचे तेव्हाचे आंतरराष्ट्रीय विकासमंत्री हरजीत सज्जन उद्घाटनाला बोलणार होते, ते ऐनवेळी आलेच नाहीत. कार्यकर्ते फलक घेऊन स्टेजवर चढले, घोषणा झाल्या. आयएएसच्या तेव्हाच्या अध्यक्ष मलेशियाच्या अदीबा कमरुलझमान, त्यांनाही व्यासपीठावरून या विषयावर बोलावंच लागलं. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचं म्हणणं नेहमीचंच, प्रत्येक अर्ज सारख्याच निकषांवर तपासला जातो.

हा "सारखा निकष" नेमका काय आहे

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीत कलम १७९(ब) आहे. त्याचा अर्थ एवढाच की पाहुणा म्हणून येणारा माणूस मुदत संपल्यावर देश सोडून जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. रिजेक्शनचं पत्र येतं त्यात हेच वाक्य असतं, तुम्ही परत जाल याची मला खात्री वाटत नाही, आणि खाली कारणं, तुमचा आधीचा प्रवास, तुमची आर्थिक स्थिती, नोकरीची स्थिती, भेटीचा हेतू. बस. तुमच्या कुठल्या कागदात काय कमी पडलं हे पत्रावरून कळत नाही. अमेरिकेतही तसंच, तिथे कलमाचा नंबर २१४(ब), अर्थ तोच.

कागदावर हा निकष खरंच सगळ्यांना सारखा आहे. पण परत येण्याचा पुरावा म्हणून काय चालतं? पगाराची स्लिप, स्वतःचं घर, बँकेत जुने आणि स्थिर पैसे, लग्न, मुलं, आणि पासपोर्टवर आधीचे शिक्के. आता हे सगळं कुणाकडे असतं? पन्नाशीच्या प्रोफेसरकडे. पंचविशीतल्या पीएचडीच्या पोरीकडे यातलं काहीच नसतं, ती अविवाहित, फेलोशिपवर, भाड्याच्या खोलीत, पासपोर्ट कोरा. आणि एखाद्या आफ्रिकन शहरात तरुण एचआयव्हीग्रस्तांचा गट चालवणारा कार्यकर्ता, जो मानधनावर काम करतो, घरच्यांनी कदाचित आजारामुळेच बाहेर काढलाय, त्याने कुठली मालमत्ता दाखवायची? परिषदेला ज्या लोकांची सगळ्यात जास्त गरज आहे नेमके तेच या चाळणीतून खाली पडतात, आणि चाळणीवर कुठेही गरीब, काळा किंवा आजारी असा शब्द लिहिलेला नसतो.

प्रवासाच्या इतिहासाचं तर विचारूच नका. आधी परदेशी गेला असाल तर व्हिसा सोपा, आणि व्हिसा मिळाल्याशिवाय परदेशी जाता येत नाही. आमच्या ओळखीतल्या पोरापोरींना सगळे हाच सल्ला देतात की आधी थायलंड किंवा दुबईला एकदा जाऊन ये, शिक्के पडले की पुढचं सोपं. म्हणजे परिषदेला जाण्यासाठी आधी एक सहल करायची, स्वतःच्या पैशाने, ज्यांच्याकडे परिषदेलाच पैसे नाहीत त्यांनी.

त्यात २०२२ चा काळ. कोविडनंतर कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे सगळ्या प्रकारचे मिळून वीस लाखांच्या वर अर्ज तुंबले होते, अफगाणिस्तान आणि युक्रेनमधून येणाऱ्यांचं काम वर आलेलं. एवढे अर्ज हाताळायला खातं चिनूक नावाचं एक्सेलवर चालणारं टूल २०१८ पासून वापरत होतं, ज्यात अधिकाऱ्याला बऱ्याच अर्जदारांची माहिती ओळीने दिसते आणि नकाराची तयार वाक्यं टाकता येतात. निर्णय माणूसच घेतो असं खातं सांगतं आणि ते खरंही असेल, पण एकेका ओळीसमोर तो माणूस किती वेळ थांबत असेल हा प्रश्न राहतोच. आणि २०२१ मध्ये या खात्यानेच पोलारा नावाच्या फर्मकडून आपल्या कर्मचाऱ्यांशी बोलून एक अहवाल करून घेतला होता, त्यात काही कर्मचाऱ्यांनी सांगितलं की ऑफिसमध्ये आफ्रिकेतल्या ठराविक देशांना "डर्टी थर्टी" म्हटलं जातं. हे बाहेरच्या टीकाकारांचं म्हणणं नव्हे, घरचाच अहवाल. तेव्हा मॉन्ट्रियलला जे झालं ते काही आभाळातून पडलं नव्हतं.

नकार आला तर पुढे काय? साध्या भेटीच्या व्हिसाला अपील नाही. फेडरल कोर्टात जाता येतं, पण परिषदेतल्या एका पोस्टरसाठी कॅनडातला वकील कोण लावणार. पुन्हा अर्ज करायचा तर पुन्हा फी. अधिकाऱ्याने आत काय नोंद केली ते मागवता येतं पण ती नोंद हातात येईपर्यंत परिषदेचा मंडप उतरलेला असतो. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, नकार तिथेच संपत नाही. पुढच्या बहुतेक देशांच्या फॉर्मवर प्रश्न असतो, तुम्हाला कधी व्हिसा नाकारला होता का? म्हणजे मॉन्ट्रियलचं आमंत्रण स्वीकारलं म्हणून पुढची दहा वर्षं त्या प्रश्नाला "हो" लिहायचं.

पैशाचा भाग

व्हिसाची चर्चा फार होते म्हणून पैशाचा मुद्दा मागे राहतो, पण दोन्ही एकाच दोरीचे पीळ आहेत. कॅनडाच्या व्हिसाची फी तेव्हा १०० डॉलर, बायोमेट्रिकचे ८५, एकूण १८५ कॅनेडियन डॉलर. जुलै २०२२ च्या भावाने अकरा हजार रुपयांच्या वर. भारतात तेव्हा जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोला, महिन्याला ३१,००० मिळत (जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाले), म्हणजे महिन्याच्या फेलोशिपचा तिसरा हिस्सा नुसता अर्ज करायला, आणि रिजेक्ट झालं तर परत काही नाही. फेलोशिप दर महिन्याला वेळेवर येते असं धरून चाललोय हं मी, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

आणि हे भारतात, जिथे व्हिसा सेंटर पुण्या-मुंबईत आहे. आफ्रिकेतल्या काही देशांत बायोमेट्रिक द्यायची सोयच नाही, शेजारच्या देशात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, म्हणजे एका व्हिसासाठी आधी दुसरा प्रवास, कधी त्याचाही वेगळा व्हिसा, तिथलं राहणं. हे सगळं कुठल्याही स्कॉलरशिपच्या हिशोबात बसत नाही. स्कॉलरशिप देणारे विमान, हॉटेल, रजिस्ट्रेशन देतात, पण त्याआधीची जी धावपळ असते तिचा खर्च अर्जदाराच्याच डोक्यावर.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही की स्कॉलरशिपचं पत्र असूनही नकारात आर्थिक स्थितीचं कारण येऊ शकतं. जायचा यायचा खायचा खर्च आयोजक करणार असं लेटरहेडवर लिहून दिलेलं असतं. तरी अधिकारी बघतो ते अर्जदाराचं स्वतःचं बँक स्टेटमेंट, कारण त्याला खर्च भागेल का हे बघायचं नसतं, हा माणूस इथेच राहण्याइतका गरजू आहे का हे बघायचं असतं. म्हणजे गरीब आहे म्हणून स्कॉलरशिप मिळाली आणि गरीब आहे म्हणूनच व्हिसा नाकारला. एकाच कागदाचा एका टेबलावर फायदा, दुसऱ्या टेबलावर तोटा. मग लोक काय करतात, मामाकडून, मित्राकडून पैसे आणून खात्यात टाकतात, आणि अचानक आलेली मोठी रक्कम बघून अधिकाऱ्याचा संशय उलट वाढतो.

आपल्याकडची पद्धत थोडी वेगळी पण त्रास तोच. तरुण संशोधकांसाठी केंद्र सरकारची आंतरराष्ट्रीय प्रवास मदतीची योजना बरीच वर्षं आहे, आधी सर्ब या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी मंडळाकडे होती, आता सर्बची जागा एएनआरएफ या नव्या संस्थेने घेतलीय. विमानाचं इकॉनॉमी तिकीट, व्हिसा फी, रजिस्ट्रेशन असं मिळतं. पण पैसे मिळतात जाऊन आल्यावर बिलं लावून. तोपर्यंत लाखाच्या वरचा खर्च आधी स्वतःच्या खिशातून, किंवा बाबांच्या एफडीतून, किंवा गाइडच्या क्रेडिट कार्डवरून. रजिस्ट्रेशन डॉलरमध्ये भरायचं, पोराकडे परदेशी व्यवहार चालणारं कार्ड नाही, मग लॅबमध्ये कुणाकडे आहे त्याची शोधाशोध. तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पण व्हिसा आला नाही तर पैसे बुडाले, व्हिसाची वाट बघितली तर तिकीट दुप्पट. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात असाल तर एनओसीची फाइल फिरवायची ती वेगळीच. शहरातल्या मोठ्या राष्ट्रीय संस्थांतली मुलं यातून निभावून जातात कारण तिथे ऑफिसला सवय असते. तालुक्याच्या कॉलेजातल्या पोराला फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे सांगायलाही कुणी नसतं, मग एजंट, मग त्याचे पैसे.

हे पहिल्यांदा झालेलं नाही

एड्स परिषदेचा आणि व्हिसाचा झगडा जवळजवळ परिषदेइतकाच जुना. १९८७ मध्ये अमेरिकेने एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला देशात येण्यावर बंदी आणली. एप्रिल १९८९ मध्ये हान्स पॉल व्हेरहूफ नावाचा डच कार्यकर्ता सॅन फ्रान्सिस्कोला एका आरोग्य परिषदेला निघाला होता, मिनेसोटात विमानतळावर त्याच्या सामानात एड्सचं औषध सापडलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. मोठा गवगवा झाला. पुढच्याच वर्षी, १९९० ला, आंतरराष्ट्रीय एड्स परिषद सॅन फ्रान्सिस्कोलाच होती, तिच्यावर बऱ्याच संस्थांनी बहिष्कार टाकला. आणि १९९२ ची परिषद बोस्टनला व्हायची होती ती आयोजकांनी सरळ उचलून अ‍ॅमस्टरडॅमला नेली. अशी बंदी असलेल्या देशात परिषद घ्यायची नाही असं धोरण ठरलं आणि ते पाळलं, अमेरिकेत पुढची वीसेक वर्षं ही परिषद झाली नाही. ४ जानेवारी २०१० ला ती बंदी उठली आणि मग २०१२ ला परिषद वॉशिंग्टनला परतली.

वॉशिंग्टनला तरी सगळे आले का? नाही. अमेरिकेच्या कायद्यात मागच्या दहा वर्षांत वेश्याव्यवसाय केलेल्या माणसाला प्रवेश नाही हे कलम तसंच होतं. म्हणून जुलै २०१२ मध्ये सेक्सवर्कर्सच्या संघटनांनी कोलकात्यात समांतर परिषदच भरवली, सोनागाछी या तिथल्या वेश्यावस्तीतल्या दुर्बार महिला समन्वय कमिटीने यजमानपद घेतलं, जगभरातल्या शेकडो बायका-पुरुष आले आणि वॉशिंग्टनच्या सत्रांशी व्हिडिओवरून जोडले गेले. आपल्याकडे सांगलीच्या संग्राम संस्थेचं काम ज्यांना माहीत आहे त्यांना हा वाद नवा नाही, वेश्याव्यवसायाच्या विरोधातली शपथ सही करायला लावणारी अमेरिकी मदत या संस्थेने २००५ मध्ये नाकारली होती. दौलतमंद देशात जाऊन आपली बाजू मांडायची तर आधी आपण कोण आहोत हे लपवा, ही अट त्या बायकांनी मानली नाही.

आता १९९० आणि २०२२ शेजारी ठेवून बघा, मला या सगळ्या प्रकरणात सांगायचंय ते हेच. १९९० ची भिंत कायद्यात लिहिलेली होती. कलम दाखवता येत होतं, त्यावर बहिष्कार टाकता येत होता, परिषद हलवता येत होती, आणि वीस वर्षं रेटा लावून ते कलम काढूनही टाकता आलं. २०२२ ला असं कलमच नव्हतं. छोट्या भेटीसाठी कॅनडाला येताना एचआयव्ही आहे म्हणून अडवत नाहीत, कागदोपत्री सगळे स्वागतार्ह. भिंत होती ती शेकडो वेगवेगळ्या फाइलींमध्ये वाटून टाकलेली, प्रत्येकाला वेगळं पत्र, प्रत्येकाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, स्टेटमेंट सहा महिन्यांचं जोडायला हवं होतं, कव्हर लेटर चांगलं लिहायला हवं होतं. कुणाविरुद्ध बहिष्कार टाकणार? आणि आयोजकांनाही शेवटच्या महिन्यापर्यंत कळत नाही की किती लोक अडकलेत, कारण प्रत्येकजण आपापलं निमूटपणे भोगत असतो.

दुसरी बाजू, आणि आयोजकांची जबाबदारी

कॅनडाच्या अधिकाऱ्यांना काहीच कारण नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. २००६ ला हीच परिषद टोरांटोला होती, तेव्हा आलेल्या प्रतिनिधींपैकी शंभरच्या वर लोकांनी परत न जाता कॅनडात आश्रय मागितला, त्यात दक्षिण आफ्रिकेचे बरेच होते. इमिग्रेशन खातं असल्या गोष्टी विसरत नाही. पण त्या परिषदेला वीस हजारांच्या वर लोक होते. आणि आश्रय मागणं हा गुन्हा नाही, आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेला हक्क आहे, एचआयव्हीमुळे गावात मार खाणाऱ्या बाईने तो वापरला तर तिचा दोष काय. तरीही समजा सोळा वर्षांपूर्वीच्या त्या अनुभवामुळे अधिकारी कडक झाले, तर मग परिषदेचं यजमानपद तरी का घ्यायचं? हॉटेलं भरणार, शहराचं नाव होणार, मंत्री भाषण करणार, त्याला सरकार तयार, आणि पाहुण्यांना आत घ्यायची वेळ आली की प्रत्येक अर्ज गुणवत्तेवर.

आयोजकांना मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. मॉन्ट्रियलचाच आधीचा एक अनुभव त्यांच्या समोर होता. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच शहरात एआयची मोठी परिषद न्यूरिप्स झाली, तिथे ब्लॅक इन एआय या कृष्णवर्णीय संशोधकांच्या कार्यशाळेला येणाऱ्या आफ्रिकन संशोधकांपैकी जवळपास निम्म्यांना व्हिसा मिळाला नव्हता, ब्लॅक इन एआयच्या सहसंस्थापक टिमनिट गेब्रू वगैरे मंडळींनी त्यावर जाहीरपणे आवाज उठवला होता. पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला पुन्हा तेच. म्हणजे कॅनडात असं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कॅनडा सरकार मोठ्या कार्यक्रमांना एक खास कोड देतं, तो अर्जावर टाकला की अर्ज कुठल्या परिषदेचा आहे हे अधिकाऱ्याला कळतं, पण त्याने निकष बदलत नाहीत, कलम १७९(ब) तिथेच असतं. शहर ठरतं कितीतरी आधी, त्याच वेळी यजमान सरकारकडून लेखी काही घेता आलं असतं, अमुक तारखेच्या आत निकाल, स्कॉलरशिपवाल्यांच्या बाबतीत आर्थिक निकष शिथिल, नकार द्यायचा तर वरिष्ठाची सही. ऑलिम्पिक, फुटबॉल वर्ल्डकप वाले सरकारांकडून असल्या हम्या घेतातच, शास्त्राच्या परिषदेने का घेऊ नये.

ऑनलाइनची सोय होती, परिषद हायब्रिड होती, ज्यांना येता आलं नाही त्यांनी घरून बघा असं झालं. पण मॉन्ट्रियल आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथलं दुपारी दोनचं सत्र इथे रात्री साडेअकराला, चारचं सत्र मध्यरात्रीनंतर दीडला. भाषण ऐकता येईल, ते नंतर रेकॉर्डिंगमध्येही ऐकता येतं. खरी कामं होतात चहाच्या रांगेत, पोस्टरसमोर उभं राहून, पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेची, विचारणा तिथे होते, पुढचा ग्रँट कुणासोबत टाकायचा ते तिथे ठरतं. रात्री दीड वाजता झोपलेल्या घरात लॅपटॉपसमोर बसून यातलं काय होणार. माणसांचं हे असं, औषधांचं बघाल तर मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एड्सची औषधं दिवसाला एक डॉलरच्या आत द्यायची तयारी दाखवली आणि नंतर ती आफ्रिकाभर पोचली, आपल्या गोळ्यांना कुठल्या सीमेवर कुणी विचारत नाही की परत जाल ना.

नंतर काय झालं

मॉन्ट्रियलनंतर काही गोष्टी हलल्या, थोड्या. २०२४ ची एड्स परिषद म्युनिकला झाली, म्हणजे पुन्हा युरोपच. पण आयएएसची दुसरी मोठी परिषद, एचआयव्ही विज्ञानाची, जुलै २०२५ मध्ये रवांडात किगालीला भरली. किगालीचं नाव एआयवाल्यांनीही आधी घेतलं होतं. आयसीएलआर ही त्यांची परिषद २०२० ला इथिओपियात अदिस अबाबाला ठरली होती ती कोविडने ऑनलाइन गेली, मग मे २०२३ मध्ये किगालीला झाली. रवांडा २०१८ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा देतं, आणि आफ्रिकन युनियन आणि राष्ट्रकुलातल्या देशांना तीस दिवसांपर्यंत त्याची फीही नाही. भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणजे आपला निळा पासपोर्टही त्यात आला. तिथे जायला तिकिटाचे पैसे लागतातच, आफ्रिकेतल्या आफ्रिकेत विमानभाडं कधीकधी युरोपपेक्षा महाग पडतं अशी तक्रार तिथले लोक करतात, तेव्हा पैशाचा अर्धा प्रश्न तसाच. पण कलम १७९(ब) वालं पत्र तरी येत नाही.

रवांडाबद्दल सगळं गोड बोलायचं असं नाही, तिथल्या सरकारवर बोलण्या-लिहिण्याच्या स्वातंत्र्यावरून भरपूर टीका होते आणि कार्यकर्त्यांच्या परिषदेसाठी तो लहान मुद्दा नाही. जिथे सगळ्यांना येता येतं तिथे सगळं बोलता येईलच असं नाही, आणि जिथे सगळं बोलता येतं तिथे सगळ्यांना येऊ देत नाहीत, आयोजकांना यातूनच शहर निवडायचं असतं.

आपल्याकडच्या वाचणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट, जी मी विचारलेल्या बहुतेकांना माहीत नव्हती. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, पण युरोपियन युनियनच्या व्हिसा कोडच्या सोळाव्या कलमात लिहिलंय की वैज्ञानिक संशोधन, सेमिनार किंवा परिषदेसाठी जाणाऱ्या संशोधकांना ही फी माफ आहे. पंचवीस वर्षांपर्यंतचे ना-नफा संस्थांचे प्रतिनिधी अशा संस्थांनी भरवलेल्या सेमिनार-परिषदेला जात असतील तर त्यांनाही. संशोधक कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, त्यामुळे पीएचडीच्या मुलांना प्रत्येक ठिकाणी लागू होईलच असं नाही, आणि व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज भरावा लागतो तो वेगळा. पण परिषदेचं आमंत्रण आणि संस्थेचं पत्र दाखवून काउंटरवर हे कलम काढून विचारायचं, पैसे भरायच्या आधी. एकदा पावती फाटली की मग परत मागायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.